रुमाल टाकलेली जागा

१

कंडक्टरबाईंच्या बसमध्ये रुमालाला काडीची किंमत नव्हती. खिडकीतून हात घालून कुणी सीटवर रुमाल टाको, पिशवी टाको, वर्तमानपत्र टाको (एकदा तर एका गृहस्थाने चक्क कोबीचा गड्डा टाकला होता), बाई ती वस्तू उचलत, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरत आणि खणखणीत आवाजात विचारत, "हा कोण? हा तिकीट काढणार आहे का?" बस खदखदून हसायची. मग बाई निकाल द्यायच्या. जागा रुमालाला मिळत नाही, माणसाला मिळते. जो बसला त्याची.

हा कायदा अर्थात ड्युटीपुरता. खाकी उतरली की बाईंसारखी रुमालटाकी बाई शोधून सापडली नसती. लग्नाची पंगत असो, नाटक असो, दवाखान्यातला बाक असो, त्या पुढे धावत जाऊन दोन जागा धरायच्या. एक आपली आणि एक ताईची. आई गेली तेव्हा बाई एवढ्याशा होत्या. ताईनेच त्यांना वाढवलं, वेण्या घातल्या, आणि सगळं लहानपणभर स्वतः पुढे धावून धाकटीसाठी जागा धरली. आता ताईचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून धावायची पाळी धाकटीची. ताई मागून डुलत डुलत यायची आणि म्हणायची, "जागा धरलेली असली की माणूस सावकाश जातं, चिमे. धावपळ हवी कशाला?"

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर ताईला घेऊन परदेशाला निघाल्या. घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. बिस्किटं कधीच संपली होती, आत सुईदोरा होता, पण झाकणावर एक सोनेरी देऊळ होतं. टोकदार कळस, उतरती छपरं, भोवती राजवाडा. ताईने आयुष्यभर बटणं लावताना ते देऊळ पाहिलं होतं. "असं खरंच कुठे असेल का गं?" असं ती दर दिवाळीच्या सुमाराला नाही तर साफसफाईच्या दिवशी विचारायचीच.

तर ते होतं! टूरच्या पहिल्याच सकाळी, फाटकातून आत पाऊल टाकताक्षणी बाई किंचाळल्या, "ताई! अगं, हे तर आपलं झाकण!"

ताई नुसती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. कळस उन्हात असा पेटला होता की नजर ठरत नव्हती. भिंतींवर बोटाच्या पेराएवढे काचेचे तुकडे जडवलेले, हिरवे, निळे, सोनेरी. दारांवर शिंपल्याची नक्षी. बाईंना हे बघू की ते बघू असं झालं.

ताई चपलेच्या पट्ट्याशी झटापट करत पायरीवर बसली, तोवर बाई आत घुसल्या. गार फरशी, लाल-सोनेरी खांब, समोर बुद्धाची भव्य शांत मूर्ती. मूर्तीपुढे, आडव्या बांधलेल्या दोरीपलीकडे, तांबड्या मखमली गाद्यांच्या ओळी होत्या आणि त्यांवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाठमोरी बसली होती. पार मागच्या ओळीत, खांबाजवळ एक गादी मोकळी होती.

बाईंनी विचार केला नाही. हाताला सवय होती, हाताने केलं. पिशवीतला रुमाल निघाला, दोरीवरून उडाला आणि गादीवर नेमका जाऊन बसला. पांढरा, निळ्या काठाचा, एका कोपऱ्यात इस्त्रीने भाजलेला पिवळट डाग असलेला. ताईची जागा धरली गेली.

तेवढ्यात त्या ओळीतली माणसं सरकली. एकानेही मान वळवली नाही. बाकावर नवीन माणूस आलं की बाकीचे सरकतात, तशी सगळी जरा जरा सरकली.

"किती समजूतदार लोक!" बाई मनाशी म्हणाल्या. इतक्यात टूरवाल्याने बाहेरून हाक मारली, ताई दारातूनच मूर्तीला हात जोडून वळली, आणि घाईगडबडीत रुमाल तिथेच राहिला.

२

टूरवाल्याला सगळे झेंडेदादा म्हणत, कारण तो काठीला केशरी फडकं बांधून पुढे चालायचा. माणूस गमत्या होता, पण त्याची बस म्हणजे खटारा होती. तो ओशाळून माफी मागायचा. बाई मात्र त्या बसवर बेहद्द खूश होत्या.

"दादा, बस बोलणारी पाहिजे," त्या म्हणाल्या. "रिकामी सीट खडखडते. माणूस बसला की गप्प होते. मला डोळे मिटून सांगता येतं कुठली जागा मोकळी आहे."

"काय सांगता मावशी!"

मग काय, खेळच झाला. बाईंनी डोळे घट्ट मिटले, लोकांनी आवाज न करता जागा बदलल्या, आणि बस खड्ड्यातून गेली की बाई बोट करायच्या. "ती. आणि ती, ड्रायव्हरच्या मागची." एकदाही चुकल्या नाहीत. टाळ्या पडल्या. खुशीत येऊन बाईंनी डोक्यावरच्या दांडीवर अंगठीने दोन टोले दिले, टण् टण्. "एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. जगात कुठेही जा!" आणि खरंच, भाषा न कळणाऱ्या त्या ड्रायव्हरने हसत बस पुढे काढली.

दुसरं देऊळ पहिल्यापेक्षा सरस. सगळ्या मनोऱ्यावर चिनी मातीच्या बशांचे तुकडे लावून फुलं केली होती. "बशी फुटली म्हणून मी तुला केवढी झोडपली होती," ताई म्हणाली, "आणि इथे बघ." दोघी हसत हसत गाभाऱ्यात शिरल्या.

इथेही तशाच गाद्या होत्या. या वेळी मात्र सगळ्या रिकाम्या होत्या. मधल्या ओळीतल्या एका गादीवर रुमाल होता.

"चिमे!" ताईने टाळीच वाजवली. "अगं, आपली जागा!"

बाईंनी चष्मा सरसावला. पांढरा, निळ्या काठाचा. असे रुमाल जगात ढिगाने विकतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग कोपरा दिसला. पिवळट डाग होता. मग दुसरी समजूत: ग्रुपमधल्या कुणीतरी उचलून आणला आणि थट्टा केली. त्यांनी बाहेर जाऊन झेंडेदादाला विचारलं.

"मावशी, मी हरवलेल्या बॅगा शोधतो, हरवलेले नवरे शोधतो," तो म्हणाला. "रुमालखातं अजून उघडलेलं नाही."

बाई परत गेल्या आणि दोरीवरून हात लांब केला. कुठूनसा एक म्हातारा झाडूवाला आला. त्याने हसून, अगदी अदबीने, बाईंचा हात मागे सारला आणि तळवा दाखवला. असू द्या, ठीक आहे. मग तो त्या ओळीतून झाडत गेला. रुमालाच्या गादीपाशी पोचल्यावर त्याने झाडू उचलून धरला, कुणाच्या पायांवरून न्यावा तसा, आणि पलीकडे टेकवला.

"मी टेकू का गं जराशी?" ताई म्हणाली. "जागा धरलेलीच आहे."

"नको," बाई म्हणाल्या आणि ताईचं मनगट धरून तिला बाहेर ओढून आणलं. धरलेल्या जागेवरून ताईला उठवून नेण्याची ही त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ होती. का नेलं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

३

दुपारी राजवाडा. आणि राजवाडा बघून बाई रुमाल-बिमाल सगळं विसरल्या, हे कबूल केलं पाहिजे. राजाचं न्हाणीघर चांदीच्या घंगाळासकट! राणीच्या आरशाला असलेला हस्तिदंती महिरपीचा काठ! झुंबरं तर अशी लोंबत होती की खालून जाताना मान आपोआप आखडायची. दर दालनात बाई म्हणत, "बास, याच्यापुढे काही नाही," आणि पुढच्या दालनात त्यांचं तोंड पुन्हा उघडं पडे.

ताई तर उडत होती. संगमरवरी जिना ती कठड्याला हात न लावता चढली.

"ताई, गुडघे?"

"कुठले गुडघे?" ताई वरून ओरडली. गाल लाल झाले होते, डोळे लुकलुकत होते. "चल लवकर, चिमे! आज मी पुढे!"

बाईंना इतका आनंद झाला की भीती वाटायला जरा उशीरच झाला. ताई त्यांच्यापुढे धावतेय, हे त्यांनी शेवटचं पाहिलं होतं ते फ्रॉकच्या वयात.

मग दरबार. केवढं दालन ते! सोन्याने मढवलेले खांब, त्यांवर काचेचे कण, टोकाला उंच सिंहासन, आणि दोरीपलीकडे तांबड्या मखमलीच्या बैठ्या आसनांच्या ओळीच ओळी. चिटपाखरू नव्हतं. बाईंना आधी कळेना की बिनसलं काय. मग कान जागे झाले.

आवाज घुमत नव्हता.

शेजारच्या एवढ्याच दालनात त्या नुसत्या खोकल्या होत्या तर छप्पर खोकलं होतं, पहारेकऱ्याने डोळे वटारले होते. इथे त्यांनी मुद्दाम टाळी वाजवली. टाळी विरून गेली, खच्चून भरलेल्या गाडीत वाजवावी तशी. बाईंनी डोळे मिटले. सारी हयात ज्या कानांवर काढली, ते कान सांगत होते की एकही जागा मोकळी नाही. छे, गालिचे असतील. पडदे असतील. त्यांनी डोळे उघडून पाहिलं. गालिचे नव्हते, पडदेही नव्हते.

आसनांवर मात्र वस्तू होत्या. आधी त्यांना वाटलं, मांडलेलं राजवैभव असेल. पण ती एक लोकरी टोपी होती. पलीकडे पाण्याची बाटली. एक मिटलेली छत्री. पुढे एकच हातमोजा, एक जपमाळ, एक टूर कंपनीचा बिल्ला. म्हणजे जगभरची माणसं जागा धरतात तर! बाईंना हसूच येणार होतं. पण टोपीवरचे धागे उन्हाने विटून पांढरे झाले होते, आणि धूळ कशावरच नव्हती.

दुसऱ्या ओळीत, मधोमध, त्यांचा रुमाल होता. त्याच्या शेजारचं आसन मोकळं होतं.

"किती पुढची मिळाली बघ," ताई कुजबुजली. ती बाईंच्या हाताला धरून दोरीकडे ओढत होती.

बाईंनी तिला बाहेरच्या ओवरीत आणून बाकावर बसवलं. झेंडेदादा तिथेच होता. "दादा, हिच्याकडे लक्ष ठेवा. ताई, इथून हलायचं नाही. मी आत्ता आले. रुमाल माझा आहे, मीच उचलणार."

"उचलू नको गं," ताई म्हणाली. "इतके लोक आपल्यासाठी थांबलेत."

४

पहारेकरी दुसऱ्या एका ग्रुपला फोटो काढू नका म्हणून सांगत होता. बाई दोरीखालून वाकून आत शिरल्या.

कायदा साधा होता. जागा रुमालाला मिळत नाही. रुमाल उचलला की दावा संपला. हजारदा केलेलं काम होतं, यात घाबरण्यासारखं काय? त्यांनी खांदे सरळ केले आणि ओळीतून आडव्या चालायला लागल्या. वाट अरुंद होती. रिकाम्या आसनांच्या मधून जाताना त्यांचं अंग आपोआप तिरकं झालं, पोट आत गेलं, आणि तोंडातून सवयीने शब्द गेले, "जरा सरका, सरका पुढे."

कपड्यांची सळसळ झाली. वाट रुंद झाली.

बाई थांबल्या नाहीत. थांबलं तर पाय पुन्हा उचलणार नाहीत हे त्यांना कळत होतं. त्या वाकल्या, रुमालाचं टोक धरलं आणि ओढलं. तो येईना. मखमल मध्ये दबलेली होती, आणि बोटांना ऊब लागली, नुकतंच कुणी उठलेल्या सीटला असते तशी. नाही, नुकतंच उठलेल्या नव्हे. बाईंना फरक माहीत होता.

त्यांनी जोर लावून हिसडा दिला. आसनावर काहीतरी किंचित उचललं गेलं, कूस बदलल्यासारखं, आणि रुमाल निघून हातात आला.

समोरच्या खांबावरच्या काचांमध्ये काहीतरी हललं. इतक्या बारीक काचा की एकीत एकच गोष्ट मावेल. एकीत पांढरी बाही. एकीत मानेचा घाट. एकीत कान. आणि एकीत पांढऱ्या केसांचा छोटासा अंबाडा, त्यात खोचलेली तपकिरी क्लिप. ती क्लिप बाईंनी आज सकाळी हॉटेलात स्वतःच्या हाताने खोचली होती.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कसं पाहणार? त्या सुटल्याच.

ओवरीतला बाक रिकामा होता. "दादा! ताई कुठेय?"

"गेल्या की बसमध्ये," झेंडेदादा फडकं गुंडाळत म्हणाला. "काय धावतात हो! आम्ही मागे पडलो."

बाई अनवाणीच निघाल्या, दाराशी काढलेल्या चपला हातात घेऊन. बसच्या खिडकीत ताई होती. हात हलवत होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. पायरी चढता चढता त्यांना रडू फुटलं आणि हसूही. रुमाल मुठीत होता, ताई डोळ्यांसमोर होती. संपलं सगळं. आता हॉटेल, मग विमान, मग घर आणि डबा.

५

"केवढी धापा टाकतेस," ताई म्हणाली आणि बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. बस सुरू झाली. राजवाड्याच्या आवारातली लांबलचक फरसबंदी वाट होती, गाडी हळूहळू चालली होती.

"रुमाल आणला," बाई म्हणाल्या.

"माहितीये. मी जरा उठले ना, तेव्हा निघाला."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ताई हसत होती. झाकण सापडल्यावर हसली होती तशीच, भरभरून.

"तू आत आलीच नाहीस, ताई. तू बाकावर होतीस."

"काय माणसं आहेत गं! कुणी धक्का दिला नाही, कुणी घाई केली नाही. मला म्हणाले, आरामात बसा." ताईने आवाज खाली आणला, लहानपणी खाऊ लपवून ठेवल्याचं सांगायची तसा. "तुझी पण धरलीये. माझ्या शेजारचीच. चष्म्याचं घर टाकून आलेय."

बाईंनी ताईची पर्स उघडली. गोळ्या, किल्ली, कंगवा. चष्म्याचं घर नव्हतं. त्यांनी ताईचा हात धरला. हात उबदार होता, बोटांवर सुईचे जुने घट्टे होते. ताईच होती. म्हाताऱ्या माणसाला उन्हाचं होतं असं कधी कधी. हॉटेलात लिंबूपाणी देऊ, झोपवू.

बस फरसबंदीच्या उंचवट्यावरून गेली.

खडखड.

बाईंनी डोळे मिटले. मिटायचे नव्हते, पण मिटले. पुन्हा उंचवटा, पुन्हा खडखड. आवाज मागून येत नव्हता. ड्रायव्हरच्या मागूनही येत नव्हता. तो अगदी जवळून, डाव्या हाताशी, खिडकीकडून येत होता. रिकामी सीट.

ताईचा उबदार हात त्यांच्या हातात होता.

"ऐकलंस?" ताई कौतुकाने म्हणाली. "तू कधी चुकतच नाहीस."

६

बाई उठल्या आणि डोक्यावरच्या दांडीवर अंगठीने एक टोला हाणला. टण्. ड्रायव्हरने जागच्या जागी ब्रेक मारला.

"काय झालं मावशी? काय राहिलं?" झेंडेदादा पुढून ओरडला.

"पॅसेंजर," बाई म्हणाल्या. "माझा पॅसेंजर मागे राहिलाय."

"अहो, सगळे आहेत की!"

बाई दाराकडे निघाल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला अर्ध्या वाटेत सोडलं नव्हतं, आणि ताईला तर सोडायचा प्रश्नच नव्हता. हाताला धरून उठवायची, ओळीतून बाहेर काढायची आणि घरी न्यायची. जो बसला त्याची जागा, हे खरं. पण बसलेला माणूस उठूही शकतो. त्या चपला हातात घेऊन, अनवाणीच पायऱ्या उतरल्या. खिडकीतून आवाज आला, "सावकाश जा गं, चिमे."

आतून दोन टोले पडले. टण् टण्. अंगठीचे.

बस हलली. बाईंनी गर्रकन वळून पाहिलं. खिडकीपाशी ताई बसली होती आणि तिच्या शेजारी बाईंच्याच साडीतली, बाईंसारखीच पिशवी आडवी अडकवलेली एक बाई, दांडीवरून हात खाली घेत होती. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. झेंडेदादाने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, समाधानाने मान हलवली आणि पाठ फिरवली. बस फाटकाच्या उंबऱ्यावरून उडाली. इतक्या लांबूनही बाईंच्या कानांनी बरोबर टिपलं. दोन सीटा खडखडत होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. आवार रिकामं झालं होतं. समोर सगळी छपरं उतरत्या उन्हात झगमगत होती, झाकणावर होती त्याहून कितीतरी सुंदर. घाबरायला हवं होतं, आणि त्या घाबरल्याही होत्या. पण छातीत दुसरंच काहीतरी उसळत होतं, सकाळी फाटकातून आत येताना उसळलं होतं तेच. आत ताई होती. एकटी बसली होती, वाट बघत.

"आले गं," बाई म्हणाल्या आणि धावत सुटल्या. हाताला धरायची, उठवायची, न्यायची. त्या हे मनात घोकत होत्या. चपला हातातून कधी पडल्या, कळलं नाही. गार पायऱ्या तळव्यांना लागल्या. वर दरबाराचं दार उघडं होतं आणि आतून कपड्यांची सळसळ येत होती, खूप माणसं एकदम थोडी थोडी सरकल्यासारखी.

पायऱ्यांच्या मध्यावर त्यांची चाल आपोआप मंदावली. त्यांनी पदर नीट केला, रुमालाने कपाळ पुसलं. घोकत होत्या ते काय, हे त्यांना आठवेना. पण धावायची गरज नव्हती. जागा धरलेली होती.